परसात मोठी खोली बांधायची आहे? इंदूरकरांसाठी नियम, नकाशा आणि पाया

इंदूरमध्ये लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा वसाहतींत अजूनही बऱ्याच घरांच्या मागे थोडी मोकळी जागा शिल्लक आहे. तिथे एक ऐसपैस खोली असावी असे घरोघरी वाटते. कुणाला गाण्याचा रियाज करायचा असतो, कुणाला घरून काम करायला शांत जागा हवी असते, कुणाच्या आई-बाबांना आता जिना चढवत नाही. गणपतीत पाहुणे आले की झोपायची पंचाईत तर सगळ्यांचीच. हेतू चांगला असतो, पैसे जमलेले असतात, मिस्त्रीही ओळखीचा असतो. तरी अशा खोल्या दोन ठिकाणी हमखास अडकतात: मोकळ्या जागेच्या नियमात आणि काळ्या मातीत. पहिल्यांदाच बांधकामाला हात घालणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी खोदाईच्या आधी समजून घ्याव्यात, म्हणून कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने पुढे लिहिली आहेत.

पत्र्याची असो की विटांची, खोली ती खोलीच

‘स्लॅब टाकत नाही, वर नुसते पत्रे आहेत, मग परवानगी कशाला?’ हे वाक्य तुम्हाला ठेकेदाराकडून ऐकायला मिळेलच. ते चूक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या व्याख्येप्रमाणे कोणत्याही कामासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली रचना म्हणजे इमारत. तिथे माणसे राहत असोत वा नसोत. म्हणजे पोर्टा केबिन, कंटेनरची खोली, पफ पॅनलची खोली, लोखंडी खांबांवरचे शेड, सगळेच त्यात आले. समारंभापुरता, परवानगी घेऊन टाकलेला मांडव किंवा शामियाना तेवढा बाहेर राहतो. गिलावा करणे, फरशी बदलणे असल्या दुरुस्त्यांना परवानगी लागत नाही, पण नवी खोली ही दुरुस्ती नव्हे.

आपल्याकडे यासाठी तीन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. परवानगीशिवाय बांधकाम सुरू करायला मनाई आहे ती मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम 1956 च्या कलम 293 मध्ये. किती जागा सोडायची, उंची किती, खिडक्या किती, हे मध्य प्रदेश भूमी विकास नियम 2012 सांगतात. आणि तुमचा प्लॉट निवासी भागात आहे की नाही हे इंदूर विकास योजना 2021 वरून ठरते. नावात 2021 असले तरी ती 1 जानेवारी 2008 पासून लागू झालेली आहे.

पहिले काम: जागा कागदावर कोणाची आहे?

घर आजोबांनी घेतलेले, रजिस्ट्री त्यांच्या नावाची, मालमत्ता कराची पावती वडिलांच्या नावाने येते आणि खोली बांधतोय नातू. अशी घरे आपल्याकडे पुष्कळ. अर्ज करण्याआधी नामांतरण करून घ्या. वारस तीन असतील तर तिघांची लेखी संमती लागेल. पुण्याला किंवा परदेशी असलेल्या काकांना, आत्याला फोनवर ‘हो, बांध ना’ म्हणायला लावून भागत नाही, शपथपत्र घ्या. ही गोष्ट नात्यासाठीही बरी असते. खोलीवर पैसे तुमचे लागले आणि जमीन सगळ्यांची, तर उद्या वाटणीच्या वेळी त्या खोलीचे काय, हे आजच एका कागदावर लिहून ठेवावे.

प्लॉट इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेतला असेल तर लीज डीड काढून वाचा. लीजची मुदत चालू आहे का, नूतनीकरण झाले आहे का, बांधकामावर काही अटी आहेत का, हे त्यातच असते. गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट असेल तर संस्थेचे ना-हरकत पत्र मागून ठेवा. 2014 साली शहरात सामील झालेल्या 29 गावांपैकी एखाद्या गावात घर असेल, तर जमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे शेतीची जमीन बिगरशेती वापरासाठी बदलून घेणे, झाले आहे का आणि कॉलनीचा लेआउट नगर तथा ग्राम निवेश विभागाकडून मंजूर आहे का, हे दोन्ही पाहावे लागते. कॉलनीच अवैध असेल किंवा प्लॉट नुसत्या नोटरीवर घेतलेला असेल, तर खोलीचा विचार बाजूला ठेवून आधी तो प्रश्न सोडवा. त्या जागेवर नकाशा पास होत नाही, आणि पास झाल्याशिवाय लाखो रुपये मातीत घालू नयेत.

दुसरे काम: टेप घेऊन एमओएस मोजणे

इंदूरमध्ये बांधकामाच्या गप्पांत सगळ्यांत जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे एमओएस. घराच्या पुढे, मागे आणि बाजूंना आकाशाकडे उघडी सोडायची किमान जागा. प्लॉटच्या आकाराप्रमाणे ती बदलते. तुमच्या घराचा पूर्वी पास झालेला नकाशा असेल तर त्यावर ती लिहिलेली असते. तो नकाशा सापडत नसेल तर महानगरपालिकेच्या झोनल ऑफिसमधून त्याची प्रत मिळवायचा प्रयत्न करा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे राहणार आहे.

‘मागची जागा आपलीच, ती रिकामीच पडली आहे’ असे वाटणे साहजिक आहे. पण ती जागा तशी रिकामी राहावी हाच नियम आहे. आग लागली तर मागून बाहेर पडता यावे, शेजारच्या घराला वारा-उजेड मिळावा, पाणी जमिनीत मुरावे, ड्रेनेज दुरुस्त करता यावे, एवढ्या सगळ्यांसाठी ती सोडलेली असते. राष्ट्रीय संहितेनुसार या पट्ट्यात 0.75 मीटरपर्यंतचा छज्जा बाहेर काढता येतो. मागच्या कोपऱ्यातले बुटके गॅरेज, पंपघर, पाण्याची टाकी अशा मोजक्या गोष्टींना मर्यादित सूट आहे. राहायच्या, बसायच्या खोलीला ती सूट नाही. म्हणून मोठी खोली बसते ती मागची एमओएस सोडून उरलेल्या जागेतच, आणि ती जागा मोठ्या प्लॉटवरच उरते.

दुसरी मर्यादा जमिनीवर व्यापलेल्या क्षेत्राची, आणि तिसरी एफएआरची, म्हणजे सगळ्या मजल्यांचे मिळून बांधकाम प्लॉटच्या किती पट चालेल याची. हिशेब कसा करायचा तो एका नमुन्यावर पाहू. समजा प्लॉट 50 बाय 80 फुटांचा, म्हणजे 4000 चौरस फूट, सुमारे 371 चौरस मीटर. तुमच्या नकाशावर व्याप्त क्षेत्र 40 टक्के लिहिले आहे असे धरू. मग जमिनीवर साधारण 148 चौरस मीटर बांधता येईल. सध्याचे घर 115 व्यापत असेल तर उरले 33 चौरस मीटर, म्हणजे 355 चौरस फुटांच्या आसपास. यात 15 बाय 23 फुटांची खोली बसते. पण हे माप भिंतीच्या बाहेरून धरतात. नऊ इंची भिंती गेल्या की आत उरतात साडेतेरा बाय साडेएकवीस फूट. मनात ‘पंधरा बाय तेवीसची खोली’ धरून सतरंज्या आणि सोफा मोजलेले असतात, तिथे लोक निराश होतात. टक्केवारी तुमच्या नकाशावर जी असेल तीच घ्या. शेजाऱ्याची घेऊ नका, त्याच्या प्लॉटचा आकार किंवा समोरचा रस्ता वेगळा असू शकतो.

वर पाहायलाही विसरू नका. मागच्या बाजूने विजेच्या तारा गेल्या असतील तर घरगुती दाबाच्या तारेपासून इमारतीचे उभे अंतर 2.5 मीटर आणि आडवे 1.2 मीटर हवे. 11 केव्हीच्या लाइनला उभे अंतर 3.7 मीटर लागते. परसातले आंब्याचे किंवा कडुलिंबाचे झाड आड येत असेल तर ते परस्पर तोडता येत नाही. आपल्या राज्यात शहरी भागातल्या झाडांसाठी 2001 चा वेगळा कायदा आहे आणि तोडण्यापूर्वी महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. माझे मत विचाराल तर झाड राहू द्या आणि खोली सरकवा.

तिसरे काम: चेंबरचे झाकण उघडणे

खोलीला जोडून संडास-न्हाणीघर हवे असेल, आणि वडीलधाऱ्यांसाठी खोली असेल तर ते हवेच, तर नकाशा काढायच्या आधी चेंबरची झाकणे उघडून बघा. आपल्या बऱ्याच कॉलन्यांत ड्रेनेजची लाइन बॅकलेनमधून जाते आणि घरांची चेंबरे मागच्या पट्ट्यातच असतात. चेंबरवर खोली उभी करायची नाही. दहा वर्षांनी लाइन तुंबली की खोलीतली फरशी फोडावी लागेल.

ड्रेनेज पुढच्या रस्त्यावर असेल तर गणित वेगळे. मागच्या खोलीपासून पुढच्या चेंबरपर्यंत 60 फूट अंतर असेल आणि चार इंची पाइपला 40 फुटांमागे एक फूट उतार दिला, तर एकूण दीड फूट उतार झाला. पाइप खोलीपाशीच जमिनीखाली फूटभर असतो. म्हणजे पुढच्या चेंबरमध्ये तो अडीच फुटांवर पोचणार. आता तुमच्या त्या चेंबरमध्ये काठी घालून पाहा: बाहेर जाणाऱ्या पाइपचा तळ अडीच फुटांपेक्षा वर असेल तर पाणी जाणार नाही. अशा वेळी खोलीचे जोते उंच करावे लागते किंवा संडासची जागाच बदलावी लागते. हे एका संध्याकाळी, काठी आणि टेप घेऊन कळते. स्लॅब पडल्यावर कळले तर फार महागात पडते.

चौथे काम: नकाशा पास करून घेणे

आता आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडे जा, आणि तो महानगरपालिकेकडे नोंदणी असलेलाच असावा. नकाशे एबीपीएएस या ऑनलाइन प्रणालीतून दाखल होतात. त्यात संगणकच रेखाचित्र तपासून एमओएस, एफएआर, उंची जुळते का ते पाहतो. त्यामुळे ‘नकाशात थोडे इकडचे तिकडे दाखवू’ असे कुणी म्हणाले तर त्याच्या नादी लागू नका. नकाशात दाखवायचे एक आणि जागेवर बांधायचे दुसरे, याची किंमत शेवटी मालकच मोजतो.

सोबत रजिस्ट्री, नामांतरण, चालू वर्षाची कराची पावती, लीज असल्यास तिची प्रत, लेआउटची मंजुरी, जागेचे फोटो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. जुन्या घरात नकाशाबाहेर काही वाढवलेले असेल, बंद केलेली बाल्कनी, पोर्चवर चढवलेली खोली, तर ते याच वेळी वर येईल. लपवू नका, इंजिनिअरला पहिल्याच दिवशी सांगा. कलम 308-क खाली ठराविक मर्यादेतले जास्तीचे बांधकाम शुल्क भरून नियमित करता येते. त्याला सगळे कंपाउंडिंग म्हणतात. पण रस्त्याच्या रेषेत किंवा पार्किंगच्या जागेत घुसलेल्या बांधकामाला ती वाट नाही, आणि मर्यादेची टक्केवारी शासन वेळोवेळी बदलत आले आहे. ‘आधी बांधू, मग कंपाउंडिंग करून घेऊ’ हा बेत करून कधीही काम सुरू करू नये. तसे केल्यावर कलम 307 ची नोटीस आली तर खोली पाडण्यापर्यंत गोष्ट जाते.

प्लॉट 140 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय बंधनकारक आहे. हे ओझे मानू नका. नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून, डोंगर चढवून आपल्या नळाला येते. तुमच्या नव्या खोलीच्या 300 चौरस फूट छतावर एका पावसाळ्यात हजारो लिटर पाणी पडते. ते नाल्यात सोडणे बरे नव्हे. फक्त मुरवायचा खड्डा खोलीच्या पायापासून लांब घ्या. का, ते आता येईल.

पाचवे काम: काळी माती आणि पाया

माळव्याच्या काळ्या मातीने शेतकऱ्याला भरभरून दिले, पण घर बांधणाऱ्याची ती परीक्षा घेते. या मातीतली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर उभे राहून पाहा: जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि त्यात हात जाईल इतकी पोकळी दिसते. ऑगस्टमध्ये त्याच भेगा मिटलेल्या असतात. दर वर्षी जमीन अशी वर-खाली होते, आणि तिच्यावर उथळ पायावर बसवलेली हलकी खोलीही तिच्याबरोबर वर-खाली होते. दोन मजली घराचे वजन मातीला थोडेफार दाबून धरते. परसातली एकमजली खोली हलकी असल्याने जास्त हलते. खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी जाणारी भेग, जी उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात मिटते, ती याच दुखण्याची खूण. तिला पुट्टी भरून काही होत नाही.

म्हणून आधी एक चाचणीचा खड्डा घ्या. खोली येणार त्याच जागी, माणूस उतरेल इतका. काही ठिकाणी चार-पाच फुटांवर पिवळसर मुरूम लागतो, काही ठिकाणी आणखी बरेच खोल गेले तरी काळीच माती निघते; शेजारच्या प्लॉटवरून अंदाज बांधता येत नाही. मुरूम लवकर लागला तर पाया त्याच्यावर टेकवा, आणि चारी बाजूंनी खोदलेली काळी माती परत आत भरू देऊ नका. मजूर ती सवयीने ढकलतात. भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि ठोकून.

काळी माती खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर अंडर-रीम पाइल सुचवेल. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने खास अशा मातीसाठी विकसित केलेली ही पद्धत आहे. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल गोल खड्डा पाडतात, तळाशी तो वरच्या रुंदीच्या अडीच पट रुंद करतात आणि सळई घालून काँक्रीट भरतात. तेवढ्या खोलीवर ओल वर्षभर सारखी राहते, त्यामुळे तिथली माती फारशी हलत नाही आणि रुंद केलेला तळ खांबाला धरून ठेवतो. या खांबांवर जी बीम येते तिच्याखाली मुद्दाम थोडी पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून धक्का देत नाही. ठेकेदार ती पोकळी ‘चुकून राहिली’ म्हणून बुजवतात. बीमचे काँक्रीट होते त्या दिवशी स्वतः तिथे उभे राहा.

आणखी दोन गोष्टी. नवी खोली जुन्या घराच्या भिंतीला चिकटवत असाल तर मध्ये सांधा सोडायला सांगा. दोन्हींचे पाये वेगळे हलतात, एकमेकांना बांधले की जुन्या भिंतीलाही तडा जातो. आणि खोलीभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कोबा करा. भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे, ठिबक, कपडे धुण्याची मोरी नको. पाणी मुरवायचा खड्डा लांब हवा तो याचसाठी.

खोदाई दिवाळीनंतर काढावी हे उत्तम. माती कोरडी होत आलेली असते, खड्डे ढासळत नाहीत आणि पावसाळ्याआधी छत पडते. भूकंपाचाही विचार असू द्या. 22 मे 1997 ला जबलपूरला बसलेला धक्का आपल्याच राज्यातला. जोत्याला, दाराच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा घातला तर लहान खोलीलाही बळ येते, आणि काळ्या मातीतल्या हालचालीतही तो कामी येतो.

खोली राहण्यालायक हवी

राष्ट्रीय संहितेप्रमाणे राहायच्या खोलीची फरशीपासून छतापर्यंतची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट. बाहेरच्या जमिनीपासून जोते किमान 45 सेंटीमीटर उंच. दार सोडून खिडक्यांचे क्षेत्र कोरड्या उष्ण हवामानात फरशीच्या निदान एक-दशांश असावे लागते. नमुन्यातल्या खोलीत चार बाय तीनच्या तीन खिडक्यांनी ते जमते, पण मी चार-पाच म्हणेन आणि त्या समोरासमोरच्या भिंतींत. पत्र्याचे छत असेल तर उन्हाळ्यात दुपारी आत बसवणार नाही. खाली हवेची पोकळी ठेवून सीलिंग करा. छताचे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडू देऊ नका. यावरून होणारी भांडणे पिढ्यान्पिढ्या टिकतात.

वीज घरातल्या बोर्डावरून साध्या वायरने ओढून नेऊ नका. जमिनीखालून आर्मर्ड केबल, खोलीत स्वतंत्र डीबी (वीज वाटपाचा बोर्ड), 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग, एवढे धरूनच चाला. एसी लावणार असाल तर वीज वितरण कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्या.

काम चालू असताना आणि संपल्यावर

मंजूर नकाशाची प्रत साइटवर ठेवा. जोत्यापर्यंत काम आले की इंजिनिअरला बोलावून चारी बाजूंची मापे नकाशाशी ताडून घ्या, कारण या टप्प्यावर चूक दुरुस्त करणे अजून परवडते. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेले, पोतीवर तसे लिहिलेले असते) असेल तर काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारायचे. ठेकेदार तीन दिवसांनी थांबतो, घरातल्या कुणीतरी ती जबाबदारी घ्यावी. रेती-गिट्टी रस्त्यावर पसरली किंवा मलबा बॅकलेनमध्ये टाकला तर दंड होतो, आणि स्वच्छतेत देशात नाव काढलेल्या शहरात तो व्हायलाच हवा. मलबा उचलण्याची व्यवस्था कशी करायची हे काम सुरू करण्याआधीच झोनल ऑफिसमध्ये विचारून ठेवा.

काम संपले की कार्यपूर्णता प्रमाणपत्र घ्या आणि मालमत्ता कराच्या विवरणात नवे क्षेत्र स्वतः दाखवा. परवानगी राहण्यासाठी घेतली असेल तर तिथे क्लिनिक किंवा मोठा कोचिंग क्लास सुरू करण्याआधी त्या वापराची वेगळी परवानगी लागते का ते विचारा. कराचा दरही बदलू शकतो. खोली भाड्याने देणार असाल तर करारनामा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे, ही दोन्ही कामे किल्ली हातात देण्याआधी उरकून घ्या.